सीएसएसपेक्षा सोपी स्टाइल लँग्वेज आठवडाभरात होईल का?

ऑफिसच्या रिपोर्टांसाठी स्वतःची छोटी स्टाइल लँग्वेज लिहायचीय, सीएसएस (वेबपानांचं रंगरूप ठरवणारी भाषा) उगाच किचकट वाटतं, आठवडाभरात होईल का असं विचारलंयत. पार्सर, म्हणजे नियम वाचून समजून घेणारा प्रोग्राम, होईल हो, पण सिंटॅक्स, म्हणजे नियम लिहायची पद्धत, हा यातला सगळ्यात सोपा भाग.

मीही हा उद्योग केलाय. म्हटलं इनहेरिटन्सचा नियम एकच ठेवू, बाहेरच्याला दिलेलं आतल्या सगळ्यांना लागू, आणि मग टेबलला चौकट दिली तर आतल्या प्रत्येक सेलला, पॅराला, बोल्ड शब्दालासुद्धा चौकट! म्हणजे फॉन्ट आत जायला हवा, बॉर्डर जायला नको, मग प्रत्येक प्रॉपर्टीसाठी वेगळं ठरवत बसलो आणि महिन्याभराने बघतो तर सीएसएसचीच यादी हाताने परत लिहिली होती.

दुसरं भांडण म्हणजे शेवटी ऐकायचं कोणाचं. होकन वियम ली यांनी १९९४ साली सर्न या संशोधन संस्थेत असताना सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला त्यात मजा होती, नियमापुढे टक्के लिहायचे, मथळ्याचा आकार २० पॉइंट पण माझा आग्रह ४० टक्केच, उरलेलं दुसरा ठरवेल. आकाराची सरासरी काढता येते एकवेळ, पण ४० टक्के एक फॉन्ट आणि ६० टक्के दुसरा असं अक्षर कसं काढणार? ते टक्के गेले आणि 'इंपॉर्टंट' आलं, म्हणजे नियमावर 'हा महत्त्वाचा' असा शिक्का. त्यातही १९९६ च्या सीएसएस १ मध्ये पानाचा लेखक आणि स्वतःचे नियम लावणारा वाचक अशा दोघांनी इंपॉर्टंट लिहिलं तर लेखक जिंकायचा, १९९८ च्या सीएसएस २ मध्ये उलटं करून वाचकाला जिंकवलं. मला हे दुसरंच पटतं, डोळे अधू असलेल्या माणसाला मोठं अक्षर हवं तर डिझायनरने मध्ये का पडावं.

"सरळ प्रोग्रामिंग लँग्वेजच द्या ना" हेही झालंय. डीएसएसएसएल ही स्टाइल लँग्वेज स्कीम नावाच्या प्रोग्रामिंग लँग्वेजवर बेतलेली होती, १९९६ ला आयएसओ स्टँडर्ड झाली, ताकद भरपूर, पण वेबवर काही चालली नाही. वेबवर पान तुकड्यातुकड्याने येतं आणि ब्राउझरला शेवट यायच्या आधीच रंगवायला घ्यावं लागतं. आत काय आहे ते बघून बाहेरच्याला स्टाइल द्यायचं 'हॅज' म्हणूनच इतकं रखडलं, सगळ्या मोठ्या ब्राउझरांत यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तुमचा रिपोर्ट मात्र आख्खा हातात असतो, त्यामुळे ही कटकट तुम्हाला नाही.

रिपोर्ट मराठीत आहेत का? असतील तर 'अक्षरांमधलं अंतर' ही प्रॉपर्टी ठेवूच नका, शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसतात. आणि 'पहिलं अक्षर मोठं' द्यायचं असेल तर 'क्षितिज'मधलं पहिलं अक्षर म्हणजे 'क्षि' आख्खं, ते युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, चार कोडपॉइंट (सुटी चिन्हं) आहेत, नुसता पहिला घेतलात तर 'क' तेवढा मोठा करायला जाल.

मी तुमच्या जागी असतो तर सीएसएसमधल्या पंधरा-वीस प्रॉपर्ट्या घेतल्या असत्या, सिलेक्टर (नियम कोणाला लागू ते सांगणारा भाग) फक्त क्लासचे, म्हणजे आपण नाव दिलेल्या गटांचे, आणि दोन नियम भांडले तर खालचा जिंकला. एवढं खरंच आठवड्यात होतं.