वाचकांचे प्रश्न : घाटातल्या जीपचा क्लच

प्रश्न : माझी 1994 ची महिंद्रा एमएम 540 आहे, फोर बाय फोर. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावकडे आठवड्यातून दोनदा जाणं होतं. घाट संपला की पाड्यापर्यंत पाच किलोमीटर कच्चा चढ आहे. मागे पाच-सहा पोती, नाहीतर तेवढीच माणसं. दीड वर्षात दुसरी क्लच प्लेट गेली. चढावर इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतो. गॅरेजवाले म्हणतात, जाड स्प्रिंगची प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) आणि बटनवाली प्लेट (लायनिंगऐवजी कडक बटनांसारखे तुकडे असलेली) टाका, पुन्हा बघायला नको. हातात बारा हजार आहेत, त्यावर एक रुपया नाही. काय करू? (दीड वर्षापूर्वी 31 इंची टायर टाकलेत, गाडी त्यांवर छान दिसते.)
– एक वाचक, तालुका तळोदा

उत्तर : भाऊ, बटनवाली प्लेट टाकू नका. हे मी एका गाडीचं नुकसान केल्यावर शिकलो. धुळ्यात आग्रा रोडला आमचं गॅरेज. शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याने तुमच्यासारखीच जीप आणली होती. त्यांना बटनवाली प्लेट हवी होती, मी बसवून दिली. पंधरा दिवसांत गाडी परत आली. पेडल इतकं कडक झालं होतं की घरातलं दुसरं कोणी ती चालवू शकत नव्हतं. नाल्यातून हळू काढायला गेलं की गाडी बुजलेल्या बैलासारखी उसळायची. गिअर बॉक्स उतरवला तर रिलीजचा फोर्क (पेडल दाबलं की क्लच सोडवणारा काटा) वाकलेला आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिच्यावर टेकते त्या इंजिनाच्या जड चकतीवर, नखाला लागतील असे चरे. ते काम मी माझ्या पैशाने पुन्हा करून दिलं, पण त्यांचे पेरणीतले चार दिवस गेले, ते मला भरून देता आले नाहीत.

बटनं एकदम धरतात. क्लच झटक्यात सोडून गाडी पळवायची असेल तिथे ती ठीक. घाटात, दगडात, माणसं बसलेली असताना क्लच थोडा घसरत-घसरतच धरायला हवा, आणि ते काम साध्या लायनिंगचंच, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचं. जाड स्प्रिंगचंही तसंच. पेडलवर जितका जोर वाढेल तितका क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, पुढे ढकलणारा रेटा वाढतो आणि तो रेटा झेलणारे थ्रस्ट वॉशर झिजतात. मग बारा हजारांत काही भागत नाही.

तुमचं 2112 सीसीचं पुजो इंजिन काही राक्षसी ताकदीचं नाही. त्याला कंपनीच्या मापाचा क्लच पुरतो. म्हणजे प्लेट कमजोर नाही, तिला कोणीतरी खातंय. मला दोघांवर संशय आहे.

पहिला संशय तेलावर. गाडीखाली झोपा. इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मधल्या हाऊसिंगला तळाशी एक भोक असतं, त्यात बोट घालून बघा. काळं, पातळ तेल लागलं तर ते इंजिनाचं, म्हणजे क्रँकचं मागचं सील गेलंय. घट्ट, उग्र गंधकासारखा वास मारणारं असेल तर ते गिअर बॉक्सचं, पुढचं सील बघा. कोरडी धूळ निघाली तर देवाचे आभार माना. सील तसंच ठेवून नवी प्लेट टाकणं म्हणजे गळक्या छपराखाली धान्य ओतणं. तुमच्या पहिल्या प्लेटच्या वेळी कोणी सील पाहिलं होतं का, तेवढं आठवून बघा.

दुसरा संशय टायरांवर. ही गाडी 6.00-16 च्या टायरवर आली, त्यांची उंची साधारण 29 इंच. 31 इंची टाकले म्हणजे प्रत्येक गिअर सात टक्के जड झाला, वर टायरचं वजनही वाढलं. चढावर उठताना तो सगळा भार क्लचच सोसतो. पुढच्या वेळी टायर घेताना मूळ मापावर या. आज विकून बदलता आले तर आजच बदला.

आता बारा हजारांचं. नवी साधी प्लेट घ्या, चांगल्या कंपनीची. जुन्या प्लेटला नवं लायनिंग रिबिट मारून घेता येतं आणि ते स्वस्तही पडतं, पण मधल्या हबच्या स्प्रिंग ढिल्या असतील किंवा दाते झिजले असतील तर तो पैसा वाया जातो. नवी घ्यायला जाताना जुनी सोबत न्या. व्यास टेपने मोजा, हबचे दाते मोजा, मॉडेलच्या नावावर भरवसा ठेवू नका. तीस वर्षांत या गाड्यांमध्ये कोणाचं काय बसलंय ते सांगता येत नाही. प्रेशर प्लेट निळी पडली नसेल, तडे नसतील, तर नव्या स्प्रिंग टाकून चालेल. रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या टोकातलं छोटं पायलट बेअरिंग मात्र नवंच. तिथे शंभर-दोनशे वाचवले की पुन्हा गिअर बॉक्स उतरवायची मजुरी पडते.

आणि फ्लायव्हील लेथवर फेसिंग करून घ्या. सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि टाळतातही हेच. निळे डाग असलेल्या, लाटा पडलेल्या फ्लायव्हीलवर नवी प्लेट अर्धीच टेकते, अर्धीच पकडते आणि लवकर जळते. फ्लायव्हीलला पायरी असेल तर लेथवाल्याला सांगा, जितका फेस घेशील तितकीच पायरीही उतरव, नाहीतर स्प्रिंगचा दाब कमी होतो.

फ्लायव्हीलसकट मोठ्या मापाचा जुना सेट जुळला तर वाईट नाही. नऊच्या जागी दहा इंची प्लेट आली की त्याच दाबावर दहा टक्क्यांच्या आसपास जास्त पकड मिळते आणि पेडल जड होत नाही. पण स्टार्टरचे दाते जुळले पाहिजेत आणि हाऊसिंगमध्ये जागा पाहिजे. ते आधी बसवून दाखवतील तरच पैसे द्या.

बसवताना तुम्ही स्वतः उभे राहा. प्लेट मधोमध धरायला मिस्त्रीने जुना क्लच शाफ्ट घातलाय का ते बघा. गिअर बॉक्स चढवताना त्याचं वजन एक क्षणही प्लेटच्या हबवर लोंबू देऊ नका, हब वाकतो. शेवटी पेडलला साधारण एक इंच मोकळी चाल ठेवा. ती नसेल तर क्लच कायम अर्धा दाबलेलाच राहतो.

त्या पाच किलोमीटरच्या कच्च्या चढावर लो गिअर (फोर बाय फोरच्या वेगळ्या दांड्याचा) लावत जा, भाऊ. पुष्कळ जण तो चिखलात रुतल्यावरच लावतात. लोमध्ये जोर जवळजवळ अडीच पट होतो, गाडी उठताना क्लचला क्षणभरच घसरावं लागतं. कोरड्या डांबरी वळणांवर मात्र काढून टाका.

प्रश्न : क्लच प्लेटवर तेल आलंय. पेट्रोलने धुऊन परत टाकली तर चालेल का? – एक वाचक, सावदा

उत्तर : नाही, दादा. तेल लायनिंगच्या आत मुरतं. वरून कोरडी दिसते, पण तापली की पुन्हा पाझरते. प्लेट बदला, सील बदला. आणि हाऊसिंगमधली काळी भुकटी हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, तो फुप्फुसात जातो. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधलं पोर हातात नळी घेऊन उभं असेल तर त्यालाही हे सांगा.