शुगर उतरणे आणि तोल जाणे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे. पहाटे लघवीला उठताना महिन्यात दोनदा पडले. सकाळची शुगर तर १८० येते. मग ती कमी कशी असेल? (महाल, नागपूर)

सकाळी सातच्या आकड्यावरून पहाटे तीनची शुगर कळत नाही. दोन-तीन रात्री तीनला उठून मोजा. पुन्हा पडले, तर जागच्या जागी बोटातून तपासा. खुबा दुखत असेल तर उचलू नका. ७० च्या खाली म्हणजे कमी, ५४ च्या खाली म्हणजे धोका.

शुगरच्या गोळ्यांच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड लिहिलंय का बघा. पोटात अन्न असो-नसो, ही औषधं इन्सुलिन सोडायला लावतात. किडनी मंदावली, की अंगात रेंगाळतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकतो, जेवण अर्ध्यावर येतं, गोळी मात्र तेवढीच राहते. तेव्हा उन्हाळ्याआधीच क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. मनाने गोळी बंद करू नका.

शुगर ठीक निघाली, तर बीपी बघा. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने उतरला, तर बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांबद्दल विचारा.

प्रश्न : आईला घाम नाही, थरथर नाही. नुसती असंबद्ध बोलते. वय झालं म्हणायचं का?

नाही! आधी शुगर मोजा. उतारवयात पहिलं लक्षण बरेचदा हेच असतं. मेटोप्रोलॉलसारख्या बीपीच्या गोळीने धडधड आणि थरथर झाकली जाते.

प्रश्न : शुगर उतरली असताना संत्रं दिलं तर चालेल? की पेढा?

दोन्ही नको. संत्रं सोलून चावेपर्यंत वेळ जातो, पेढ्यातल्या स्निग्धतेमुळे साखर उशिरा भिनते. चहाचे तीन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम, ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात द्या. १५ मिनिटांनी मोजा; ७० च्या आतच असेल, तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर अर्धी पोळी. व्होग्लिबोज ही शुगरची गोळी चालू असेल तर साधी साखर पुरेशी लवकर लागू पडत नाही; ग्लुकोजच हवं. पुडा उशाशी ठेवा, स्वयंपाकघरात नको.

प्रश्न : शुद्ध हरपली तर?

तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. गोळीमुळे उतरलेली शुगर ग्लुकोजच्या सलाइनने वर आली, तरी काही तासांनी पुन्हा उतरते. म्हणून किमान २४ तास दवाखान्यात देखरेखीखाली राहू द्या.