उत्तर: मधुमेही पायाची जखम आणि हायपरबॅरिक ऑक्सिजन

आपल्या वडिलांच्या तळपायाची जखम दोन महिने भरत नाही आणि दवाखान्याने ऑक्सिजन चेंबरची 30 सत्रे सुचवली आहेत, ती घ्यावीत का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की, पायातील रक्तप्रवाहाची तपासणी झाल्याशिवाय एकाही सत्राचे पैसे भरू नयेत.

हायपरबॅरिक म्हणजे वाढीव दाबाखालचा; या उपचारात रुग्ण बंद चेंबरमध्ये वातावरणाच्या सुमारे 2 ते 2.5 पट दाबाखाली साधारण 90 मिनिटे शुद्ध ऑक्सिजन घेतो. त्यामुळे ऑक्सिजन रक्तद्रवात एरवीपेक्षा कितीतरी अधिक विरघळतो, पेशींना जंतूंशी लढण्यास मदत होते आणि नव्या केशवाहिन्या फुटण्यास चालना मिळते. मात्र हा ऑक्सिजन जखमेपर्यंत रक्तच नेणार. मुख्य धमनीच तुंबलेली असेल, तर आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा विचार व्हायला हवा. मधुमेहात धमन्या चुन्यासारख्या कडक झाल्याने घोट्यावर मोजलेला दाब फसवा, म्हणजे खोटा चांगला, येऊ शकतो. म्हणून पायाच्या अंगठ्यातील दाब मोजण्याचा आग्रह धरावा. तो 30 मिमी पाऱ्याहून कमी असल्यास रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांना तातडीने दाखवावे.

पुरावा संमिश्र आहे. स्वीडनमधील 94 रुग्णांच्या अभ्यासात (2010) वर्षभरात पूर्ण भरलेल्या जखमांचे प्रमाण ऑक्सिजन घेतलेल्यांत 52 टक्के, तर दाबाखाली साधी हवा दिलेल्यांत 29 टक्के होते. त्यात निवडलेल्या रुग्णांचा रक्तपुरवठा एक तर पुरेसा होता, किंवा शस्त्रक्रियेने सुधारता येण्यासारखा नव्हता, हे जाहिरातींत सहसा सांगितले जात नाही. नेदरलँड्समधील 120 रुग्णांच्या अभ्यासात (2018) मात्र पाय वाचण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. बऱ्याच रुग्णांना सगळी सत्रे पूर्ण करणेही जमले नव्हते, आणि आठवड्यातून पाच दिवस ये-जा करावी लागणार असल्याने घरच्यांनी याचा विचार आधीच करावा.

चेंबर हा पूरक उपचार आहे. मृत ऊती काढणे, हाडापर्यंत संसर्ग गेला आहे का हे पाहणे, शुगर आटोक्यात ठेवणे आणि जखमेवरचा भार हटवणे, म्हणजे प्लास्टर किंवा विशेष बूट, या गोष्टी होत नसतील तर तो व्यर्थ आहे. सर्वाधिक हेळसांड भार हटवण्याचीच होते, कारण रुग्णाला दुखत नाही आणि तो त्याच पायावर चालत राहतो.

उपचार ठरलाच, तर फुप्फुसाभोवती हवा साचलेली असताना तो मुळीच करत नाहीत, म्हणून छातीचे विकार व घेतलेल्या कर्करोगाच्या औषधांची माहिती आधी द्यावी. कानात दडे बसणे, दृष्टी तात्पुरती बदलणे आणि शुगर उतरणे हे त्रास संभवतात, त्यामुळे उपाशीपोटी आत जाऊ नये. आगीच्या धोक्यामुळे केसांचे तेल, मलम, मोबाइल आणि कृत्रिम धाग्याचे कपडे बाहेरच ठेवावेत. कमी दाबाच्या, साधी हवा भरणाऱ्या फुगवट्याच्या चेंबरला कोणी हेच नाव देत असेल, तर तिथून सरळ परत यावे.