जपानमध्ये दाढ किडली आहे. इथेच उपचार घ्यावेत की डिसेंबरमध्ये भारतात गेल्यावर?

इथेच घ्या. आणि डिसेंबर विसरा, याच आठवड्यात फोन लावून वेळ घ्या.

तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात भारतात स्वस्त पडेल आणि भाषेचीही कटकट नाही." हे वाक्य मी २०१८ च्या जुलैमध्ये शब्दशः ऐकलंय, आमच्या दाजींच्या तोंडून. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस देवमाणूस, पण ज्या विषयातलं कळत नाही त्यात सल्ला पहिला. त्यांना उलट बोलायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून सात वर्षं साठलेलं इथे ओततोय. ऐकून घ्या.

तेव्हा मी टोकियोत निशी-कासाईला राहायचो. बर्फ घातलेला मुगिचा, म्हणजे भाजलेल्या सातूचा चहा, प्यायलो की वरच्या उजव्या दाढेतून सणक जायची, थेट कानशिलापर्यंत. कंपनीच्या वार्षिक तपासणीत रक्त, छाती, पोट, डोळे सगळं बघतात, दात नाही बघत, त्यामुळे कोणी टोकलं नव्हतं. स्टेशनपासून घरापर्यंतच्या दहा मिनिटांत दातांचे तीन दवाखाने लागायचे. (जपानमध्ये कोंबिनींपेक्षा, म्हणजे गल्लोगल्लीच्या चोवीस तास उघड्या दुकानांपेक्षा, दातांचे दवाखाने जास्त आहेत, ही थाप नाही.) पण फोनवर दाजी म्हणाले, "दिवाळीला येतोच आहेस ना? आपला डॉक्टर आहे. तिकडे लुटतील." आणि मी, पगारातून विम्याचा हप्ता कापून देणारा शहाणा, थांबलो.

ऑगस्टमध्ये रात्री ठणका सुरू झाला. गोळी घ्यायची, लवंग धरायची, कूस बदलायची. आणि सप्टेंबरच्या मध्यावर एके दिवशी दुखणं बंद! थंड पाणी, गरम चहा, कशाचं काही नाही. मी आनंदाने फोन केला, तर दाजी म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?"

इथे जरा थांबतो, कारण तुम्हीही लिहिलंय की "सध्या दुखत नाहीये". दाताच्या वरच्या कवचात नस नसते. कीड तिथे असते तोवर काहीच कळत नाही. आतल्या थरात उतरली की थंड-गोड झोंबतं, नसेपर्यंत पोचली की ठणकतं. आणि ठणकणारी दाढ आपोआप गप्प झाली, तर बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. बरं झालेलं काही नसतं, तक्रार करणारा मेला म्हणून तक्रार थांबलेली असते. जंतू आपले मुळाच्या टोकाकडे निघालेले असतात.

माझे जंतू तिथे पोचले ते विमानात. नारिताहून विमान वर चढलं आणि तासाभरात गालात कुणी पाचर ठोकतंय असं वाटायला लागलं. वर केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, मेलेल्या दाढेत कोंडलेला वायू फुगतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. नऊ-दहा तास मी खिडकीच्या थंड काचेला गाल लावून बसलो होतो. मुंबईत उतरलो तेव्हा उजवा डोळा अर्धा मिटलेला. त्या वर्षीच्या भाऊबीजेच्या फोटोत ताई मला ओवाळतेय आणि माझ्या तोंडात अख्खा लाडू कोंबलाय असं दिसतं. लाडू नव्हता. फराळातलं मी काही खाल्लंच नाही, चिवड्याचे पोहे दुधात भिजवून खाल्ले.

रजा नऊ दिवसांची. त्यातले तीन सूज उतरण्यात गेले, दोन दिवाळीत दवाखाना बंद म्हणून गेले. उरलेल्यात डॉक्टरांनी रूट कॅनल उरकलं. त्यांचा दोष नाही. घाई माझी होती. कॅपचं माप देऊन ती लॅबमधून यायला जे दिवस लागतात ते माझ्याकडे नव्हते, म्हणून वर तात्पुरतं सिमेंट भरून मी परत आलो. दाजी विमानतळावर म्हणाले, "कॅप काय, तिकडे कुणीही बसवेल."

कुणीही बसवत नाही! आत काय भरलंय हे माहीत नसताना त्यावर कॅप कोण ठोकेल? जानेवारीत ते सिमेंट निघालं आणि मी शेवटी त्या तीन दवाखान्यांपैकी एकात गेलो, जिथे जुलैत जायला हवं होतं. डॉक्टर बाईंनी एक्स-रे काढला, पडद्यावर पेन टेकवलं आणि दाखवलं. दाढेच्या मुळांतल्या तीन नळ्या भरलेल्या, चौथी तशीच. वरच्या पहिल्या दाढेला पुष्कळदा चौथी नळी असते, बारीक, आणि ती सहज सापडत नाही. मग सगळं उकरून पुन्हा पहिल्यापासून.

भाषेची कटकट म्हणाल, तर त्याचीही भीती फुकट. फॉर्म भरताना दुखणं कसलं ते विचारतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडे आपल्यासारखेच शब्द आहेत. आपण ठसठसतं म्हणतो, ते 'झुकिझुकि'. थंड झोंबतं त्याला 'शिमिरु'. किडलेल्या दाताला 'मुशिबा', म्हणजे सरळ 'किड्याचा दात'. दातात किडा नसतो हे दोघांनाही ठाऊक, तरी दोन्ही भाषांनी आळ त्याच्यावरच घेतलाय. दात तपासताना डॉक्टर शेजारी उभ्या मदतनीस मुलीला आकडे सांगत जातात, सी-वन, सी-टू. सी-वन म्हणजे वरवरची कीड, सी-थ्री म्हणजे नसेपर्यंत, सी-फोर म्हणजे वरचा दात गेला, मुळं उरली. कान देऊन ऐका, तुमचा निकाल तिथेच लागतो. मग चेहऱ्यावर टॉवेल टाकतात आणि म्हणतात, दुखलं तर डावा हात वर करा. मी केला. "मो सुकोशि," म्हणजे 'झालंच, थोडं राहिलं', असं म्हणून बाईंनी काम चालूच ठेवलं. हात वर करण्याचा उपयोग एवढाच.

आता पैसे, म्हणजे दाजींचा हुकमी एक्का. तुम्ही तीन महिन्यांहून जास्त राहणारे रहिवासी असाल, तर कंपनीचा 'शाकाइ होकेन' नाहीतर वॉर्डाचा 'कोकुमिन केन्को होकेन' हा आरोग्य विमा तुम्हाला आहेच. कीड काढणं, भरणं, रूट कॅनल, साधी कॅप, सगळं त्यात येतं. तुम्ही भरायचे ३० टक्के. प्रत्येक कामाचे गुण सरकारने ठरवलेले, एक गुण म्हणजे १० येन, आणि पावतीवर ते छापून येतात. समजा ५१२ गुण झाले, तर बिल ५,१२० येन आणि तुमच्या खिशातून १,५४०. गल्लीतल्या दवाखान्यात तोच दर, गिन्झातल्या चकचकीत इमारतीतही तोच. यात लुटायला जागा कुठे आहे? माझ्या पावत्या अजून फाइलला आहेत. पुन्हा केलेलं रूट कॅनल, एक्स-रे, कॅप, सगळं धरून वीस हजार येनच्या आसपास गेले.

चकरा मात्र खूप मारायला लावतात, हे दाजींचं म्हणणं खरंय. अर्धा तास काम, नळ्या धुऊन औषध भरायचं, वरून तात्पुरतं झाकण, "पुढच्या आठवड्यात या". मला आठ खेपा झाल्या. वैताग येतो. पण चौथ्या खेपेला दुखायचं थांबलं म्हणून जायचं सोडलंत, तर ते झाकण निघणार आणि तुम्ही माझ्या जानेवारीत येऊन पोचणार.

आणि हो, माझी कॅप चांदीची आहे. 'गिनबा' म्हणतात. नुसती चांदी नसते, १२ टक्के सोनं आणि २० टक्के पॅलेडियमही असतं. व्हिडिओ कॉलवर मी हसलो की दाजी "अरे, सराफाकडून दात बसवलास का?" हा विनोद अजून करतात. पुढच्या बाजूच्या छोट्या दाढांना २०१४ पासून विम्यात पांढरी कॅप मिळते, नंतर काही अटींवर मोठ्या दाढांनाही मिळायला लागली, तेव्हा तुम्ही विचारून बघा. झिरकोनिया (दातासारखं पांढरं, टणक सिरॅमिक) वगैरे हवं असेल तर ते 'जिही', म्हणजे सगळा खर्च स्वतःचा, आणि तो एका दाताला लाख येनच्या घरात जाऊ शकतो.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही पर्यटक म्हणून किंवा थोड्या दिवसांच्या कामावर आला असाल आणि विमा नसेल, तर हे गणित उलटं होतं. तेव्हा इथे फक्त दुखणं आवरेल एवढं करून घ्या. इम्प्लांट किंवा दिसण्यासाठी दात सरळ करणं विम्यात येत नाही, त्यासाठी हाताशी भरपूर रजा असेल तर खुशाल भारतात जा. तेवढ्यापुरते दाजी बरोबर आहेत. हे उत्तर त्यांना कोणी दाखवलं, तर हा परिच्छेद आधी दाखवा.

दाढ वरची की खालची ते तुम्ही लिहिलेलं नाहीत. वरची पहिली असेल आणि रूट कॅनलपर्यंत गोष्ट गेली, तर चौथी नळी बघितली का, ते खुर्चीवरून उठायच्या आधी विचारा.