केमिस्ट्री जमत नाही, सायन्स सोडू का?

पहिल्या सेमचा रिझल्ट लागला की आमच्याकडे समुपदेशनाला एक सीझनच सुरू होतो म्हणा ना. एफवायबीएस्सीची पोरं येतात, बरेचदा सोबत आई नाहीतर वडील, आणि प्रश्न ठरलेला, मॅडम केमिस्ट्री डोक्यावरून जाते, साईड बदलू का. इतक्यांनी विचारलंय की म्हटलं एक केस नीट लिहूनच टाकावी. मुलीची परवानगी घेतलीय, ओळखू येईल असं सगळं बदललंय, चुना आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) तेवढं खरं आहे.

दिंडोरीकडची मुलगी, घरची द्राक्षबाग. दहावीपर्यंत मराठी मीडियम, ९० च्या वर टक्के, गावात सत्कार वगैरे झालेला. मग सायन्स, रोज एसटीने नाशिक, सीबीएसला उतरून पुढे कॉलेज. बारावीला केमिस्ट्रीत चांगले मार्क होते म्हणून एफवायला तोच विषय घेतला आणि पहिल्याच सेमला नेमका त्यातच बॅक, म्हणजे नापास. वडील सोबत आले होते, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले. म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार आहे हो, पण आता रातभर पुस्तक उघडं ठेवून नुसती बघत बसते." ती काहीच बोलली नाही. मग वडील पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा हळूच म्हणाली, मी हुशार नव्हतेच, पाठांतर चांगलं होतं.

आता माझी चूक सांगते. पहिले दोन सेशन मी नेहमीचंच केलं. झोप किती, मोबाईल किती, टाइमटेबल करू, भीती वाटली की श्वास असा घ्यायचा. ती सगळं ऐकायची, वहीत लिहूनसुद्धा घ्यायची, आणि काडीचा फरक नाही. मी स्वतः आर्ट्सवाली, केमिस्ट्री म्हटलं की माझ्याच पोटात गोळा येतो, त्यामुळे तिची वही उघडायचं मी टाळत होते हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या वेळी वही मागवली. आणि चुकलेलं गणित काढ असं नाही म्हटलं, बरोबर आलेलं काढ म्हटलं. हे मात्र बरं सुचलं. तिने काढलं, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साईड, २५० मिली करायचंय, किती ग्रॅम लागेल. उत्तर १ ग्रॅम. बरोबर, लाल टिक पण होती. म्हटलं १ ग्रॅमच का? म्हणे फॉर्म्युला आहे ना, खाली १००० येतात. मोलर म्हणजे काय गं? मोलॅरिटी. ती म्हणजे? एम. मग गप्प. डोळे भरून आले तिचे, आणि मी म्हटलं थांब, मलाही माहीत नाही, आपण विचारू कुणाला तरी.

माझी एक मैत्रीण केमिस्ट्री शिकवते, तिला तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. तिने तिला एकच विचारलं, बोर्डो, ते द्राक्षावर फवारायचं बुरशीनाशक, कसं करतात तुमच्याकडे? आणि ही पोरगी, जी तीन आठवडे हो-नाही च्या पुढे गेली नव्हती, ती सुरू झाली. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मोरचूद लोखंडी भांड्यात नाही करायचं, प्लॅस्टिकच्या ड्रममध्येच, मग एकत्र ओतून ढवळायचं आणि खिळा नाहीतर विळा बुडवून बघायचा, तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आली की पप्पा हेच मारतात.

मैत्रीण म्हणाली, बरं, १ किलो आणि १ किलो, म्हणजे दोन्हीच्या कणांची संख्या सारखीच का?

इथे ती अडली. आणि खरं सांगू, ह्याच पायरीवर ती अकरावीपासून अडलेली होती, फक्त फॉर्म्युल्याने झाकलेलं होतं. मोल म्हणजे कणांची एक ठरलेली मोजदाद, डझनासारखी, फक्त खूप मोठी. मोरचुदाचा एक मोल २४९.५ ग्रॅम, त्यातल्या पाण्याच्या ५ रेणूंचं वजन धरून. मग १ किलोत किती? साधारण ४ मोल. कळीच्या चुन्याचा एक मोल ५६ ग्रॅम, मग १ किलोत? जवळजवळ १८. वजन तेवढंच पण मोजदाद ४ आणि १८. आणि रिअ‍ॅक्शन वजन बघत नाही, ती मोजदाद बघते. हे वाक्य मैत्रिणीचं, मी तेव्हाच कागदावर लिहून घेतलं कारण मलाही त्याच दिवशी कळलं मोल कशाला लागतो ते. मग १०० लिटरमध्ये ४ मोल म्हणजे लिटरला ०.०४ मोल, हीच ती मोलॅरिटी, फवारणीच्या पंपात भरलेली.

तिने स्वतःच पुढचं केलं. मोरचुदाच्या एका मोलला चुन्याचा एक मोल लागतो, तर ४ मोल चुना, ४ गुणिले ५६, २२४ ग्रॅम. वर बघितलं आणि म्हणाली, मॅडम, पाव किलोतच भागतंय की, मग पप्पा चुकतात का?

मैत्रीण हसली. पप्पा चुकत नाहीत. बाजारातला चुना शुद्ध नसतो, पडून पडून हवा आणि ओल खातो, आणि मोकळं तांबं उरलं तर पान जळतं, म्हणून जास्तच घालतात. आणि खिळा तांबूस का होतो? ह्याला मात्र पोरीने पटकन उत्तर दिलं, लोखंड तांब्याला बाहेर काढतं, दहावीला होतं, अभिक्रियाशीलता श्रेणी. मराठीत. तेच कॉलेजात इंग्रजीतून आलं तेव्हा ते हेच आहे हे कुणी जोडूनच दिलं नव्हतं. संयुजा आणि व्हॅलेन्सी ह्या तिच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. नववीची जुनी पुस्तकं माळ्यावरून काढायला सांगितली, द्रव्याचं मोजमाप हा धडा त्यात होता, मोलसकट.

एका दिवसात सगळं सुटलं असं काही नाही. बॅक पुढच्या खेपेला निघाली, मार्क बेताचेच. ऑरगॅनिकला अजून घाबरते. पण टायट्रेशनचं प्रॅक्टिकल करताना आता रीडिंग शेजारच्या मुलीचं बघून लिहीत नाही, हे तिने मला फार अभिमानाने सांगितलं.

सगळ्यांनी सायन्सलाच चिकटून राहावं असं माझं म्हणणं नाहीये. एक मुलगा आलेला, त्याला विषय कळत होता पण लॅबमध्ये उभं राहायचाच कंटाळा, तो कॉमर्सला गेला आणि मजेत आहे. पण जमत नाही म्हणणाऱ्याने आधी आपलं बरोबर आलेलं एक गणित घ्यावं आणि त्यातला प्रत्येक शब्द म्हणजे काय ते मराठीत, मोठ्याने सांगून बघावं. जिथे अडलात तिथून सुरू करा, ते नववीचं निघालं तर नववीचं, लाज कसली. आणि आईवडिलांना एक विनंती, पोरगं पुस्तक उघडून बसलंय की नाही ते बघू नका, कोणत्या ओळीवर बसलंय ते विचारा.

मागच्या महिन्यात तिच्या वडिलांचा फोन आला होता. म्हटलं काय झालं आता. तर म्हणे, "मॅडम, पोरगी म्हणते पाव किलो चुन्यात होतंय, घालून बघू का?" म्हटलं भाऊ, मला काय विचारता, तिलाच विचारा, आणि काही झालं तरी आधी खिळा बुडवून बघा.