'करलं' म्हणणाऱ्या मुलाविषयी

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. पाच वर्षांच्या त्या मुलापुढे तू दोन सारखे ग्लास ठेवलेस, पाणी सारखं आहे हे त्याच्याकडून वदवून घेतलंस, मग एकातलं पाणी उंच, अरुंद बरणीत ओतलंस आणि विचारलंस, "आता कशात जास्त?" त्यानं बरणीकडे बोट दाखवलं. तू परत ओतून दाखवलंस, समजावलंस, परत विचारलंस. तिसऱ्या खेपेला तो "सारखंच" म्हणाला, आणि तू "शिकला!" असं लिहून खाली दोन रेघा मारल्यास.

मला विचारशील तर तो एकच गोष्ट शिकला: ताईंना कुठलं उत्तर हवंय.

रागावू नकोस. मी याहून मोठा घोळ घातलाय. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका मुलाच्या वहीत वजाबाकीची दहा गणितं होती आणि दहाही चुकलेली. ४२ − १७ = ३५. ५१ − २८ = ३७. ६३ − ४५ = २२. मी लाल पेनानं दहा फुल्या मारल्या, "अभ्यासात लक्ष नाही" असा शेरा लिहिला आणि मोकळी झाले. काही दिवसांनी तीच वही पुन्हा हातात आली आणि फुल्यांच्या खालचे आकडे पहिल्यांदा नीट वाचले. पोरगा घसरला कुठेच नव्हता. प्रत्येक घरात त्यानं मोठ्या अंकातून लहान अंक काढला होता. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन. हा नियम त्याला दिला कुणी? मीच. "नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं" हे मी वर्गात रोज म्हणायचे, आणि हातचा येईपर्यंत ते चालूनही गेलं होतं. लक्ष नसलेल्या मुलाची दहा गणितं दहा तऱ्हांनी चुकतात. एकाच तऱ्हेनं चुकतात तेव्हा आत एक नियम मन लावून काम करत असतो. तो शेरा मी खोडला, पण त्यानं तो आधीच वाचला होता.

बोलण्यातही असंच. छोटं मूल आधी बरोब्बर "केलं" म्हणत असतं. मग एक दिवस "मी करलं" म्हणायला लागतं, घरचे हसतात, कुणी दुरुस्त करतं. पण "करलं" त्यानं ऐकलं कुठे? घरात तर कुणीच तसं म्हणत नाही. "धरलं", "भरलं", "बसलं" ऐकून त्याला एक सूत्र सापडलं आणि त्यानं ते "कर"ला लावून पाहिलं. "केलं" पाठ होतं, "करलं" हा त्याचा स्वतःचा विचार आहे. (खरं तर गडबड आपल्या क्रियापदाची आहे, पोराची नाही.) म्हणून सुधारायची घाई नको. "हो, केलंस का?" एवढं आपण सहज म्हणावं. बाकीचं ते कानांनी उचलतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेचं काम असंच सुरू झालं. १९२० च्या सुमारास तो पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. बरोबर उत्तरं मोजणं हे त्याचं काम, पण डोळा गेला चुकलेल्या उत्तरांकडे, कारण एका वयाची मुलं एकसारखी चुकत होती. पुढे त्यानं मांडलेले मुलांच्या विचाराच्या वाढीचे चार टप्पे तुझे पाठ असतीलच: दोन वर्षांपर्यंत, सातपर्यंत, अकरापर्यंत आणि त्यापुढचा. तो तक्ता भिंतीवर जरूर लाव, पण मुलाला त्यात कोंबू नकोस. एकच मूल सकाळी गोट्यांच्या बाबतीत सात वर्षांचं असतं आणि दुपारी पाण्याच्या बाबतीत चार वर्षांचं.

शिवाय आपला प्रश्नही तपासायचा असतो. तुला कुणी एकच प्रश्न दोनदा विचारला तर तुला काय वाटेल? पहिलं उत्तर चुकलं असणार, हेच ना? मुलांनाही तसंच वाटतं. १९७४ मध्ये दोन संशोधकांनी अशाच एका प्रयोगात मांडणी बदलण्याआधीचा प्रश्न गाळून फक्त शेवटी एकदाच विचारलं, तर मुलं कमी चुकली. त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग मला फार आवडतो. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या, आणि एक मस्तीखोर खेळण्यातलं अस्वल येऊन त्यातली एक विस्कटून गेलं. चार ते सहा वर्षांची बहुतेक मुलं म्हणाली, सोंगट्या तेवढ्याच आहेत. तीच ओळ मोठ्या माणसानं गंभीर चेहऱ्यानं बदलली की बहुतेक चुकायची. मोठी माणसं उगाच काही हलवत नाहीत, असा त्यांचा हिशेब. अर्थात यावरून चार वर्षांच्या मुलाला सगळं कळतं असंही समजू नकोस. उंचीला भुलणारी मुलं खरोखरच भुलतात.

दुसऱ्याच्या मनाचं गणितही असंच हळूहळू सुटतं. तीन वर्षांचं मूल फोनवर आजीला नुसती मान हलवून "हो" सांगतं; आजीला मान दिसत नाही हे त्याच्या गावीही नसतं. १९८३ मधली एक प्रसिद्ध गोष्ट आहे: मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, मागे आई ते दुसऱ्यात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल चॉकलेट जिथे आहे तेच कपाट दाखवतं. साधारण चार-पाचच्या पुढे मुलं पहिलं कपाट दाखवू लागतात. त्याच सुमारास पालक घाबरून येतात की मुलगा खोटं बोलायला लागला. खोटं वाईटच, पण पचणारं खोटं बोलायला समोरच्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही हे ओळखावं लागतं. पालकांना आधी हे सांग, मग उपदेश.

आणखी एक. कोडं सोडवताना एखादं मूल स्वतःशीच पुटपुटत असेल, "हा इथे नाही... हा उलटा...", तर त्याला "तोंड बंद ठेवून कर" म्हणू नकोस. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीच्या मते तोच विचार आहे, अजून आत न गेलेला. पुढे तो आवाज कुजबूज होतो, मग आतल्या आत चालतो. अवघड कोडं आलं की मी अजून पुटपुटते.

किशोरवयाबद्दल आज लिहीत नाही. ती मुलं स्वतःच भरपूर बोलतात.

आता त्या मुलाकडे पुन्हा जा. बरणी नको, ग्लास नको. नुसतं विचार, "त्या दिवशी तुला बरणीत जास्त का वाटलं होतं रे?" आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थांब, मध्ये गप्प राहिला तरी. तो जे सांगेल ते मला कळव, त्याच्याच शब्दांत. तुझ्या शब्दांत नको.

तुझ्या जुन्या बाई