'रील द्यु पांद्यु' ही कॅनडातल्या क्यूबेक प्रांताची धून खरंच फाशी जाणाऱ्या माणसाने वाजवली होती का? ती आली कुठून?

दोरखंड गळ्यापर्यंत आलेल्या माणसाने ती वाजवली ही दंतकथा आहे. पण ही दंतकथा कुठूनतरी हवेतून आलेली नाही. ती त्या धुनीच्या तारांमधून निघाली आहे, असं माझं मत आहे, आणि ते मत मी वाचून नाही तर वाजवून बनवलंय.

आधी कथा. एका माणसाला फाशीची शिक्षा होते. फासाखाली उभा असताना त्याच्या हातात एक फिडल, म्हणजे व्हायोलिनच, देतात आणि सांगतात, 'यावर वाजवून दाखव, सुटशील.' फिडलच्या तारा भलत्याच सुरांत लावलेल्या असतात. काही जण तर सांगतात की त्याने जन्मात गज हातात धरलेला नव्हता. तो चाचपडत सुरुवात करतो, त्या बिघडलेल्या तारांतूनच धून निघते आणि त्याचा जीव वाचतो. फ्रेंचमध्ये 'पांद्यु' म्हणजे फासावर लटकवलेला.

मी लहानपणी सांगलीत आपल्या पद्धतीने व्हायोलिन शिकले आणि पुढे काही वर्षं माँट्रियलला राहिले. तिथे शेजारच्या एका आजोबांच्या स्वयंपाकघरात शनिवारी रात्री वाजवायला माणसं जमायची. अशा बैठकीला तिकडे 'व्हेये' म्हणतात. खुर्चीवर बसायचं, फिडल वाजवायचं आणि दोन्ही पायांनी जमिनीवर ठेका धरायचा. तबला-ढोलकीचं काम बुटांच्या टाचा करतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातांकडे बघायचं विसरून पायांकडेच बघत बसले होते.

एकदा आजोबांनी ही रील वाजवायची म्हणून माझ्या व्हायोलिनच्या खुंट्या पिळायला घेतल्या. एरवी तारा जाडीपासून बारकीकडे जी, डी, ए, ई या पाश्चात्त्य सुरांत लावलेल्या असतात. त्यांनी जी चढवून ए केली, डी चढवून ई केली, तिसऱ्या तारेला हात लावला नाही, आणि सगळ्यात बारीक ई तार उतरवत उतरवत सी शार्पवर आणली. ए ला षड्ज धरा: सा, प, सा, ग! आपण सा-प-सा-प लावतो, त्यापासून हे एकाच तारेच्या अंतरावर आहे. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

हातात घेतल्यावर मात्र कळलं. उतरवलेली तार गजाखाली सैल पडते. आणि बोटं फसतात. ई तारेवर पहिलं बोट एक पूर्ण स्वर सोडून पडायची सवय असते. इथे मोकळी तार गंधार आहे, तिच्या लगेच वर अर्ध्या स्वरावर शुद्ध मध्यम. सवयीने बोट ठेवलं की तीव्र मध्यम लागतो आणि धून बेसूर होते. म्हणजे नेहमीचा वाजवणारा या फिडलवर बसला तर त्याला ते कोणीतरी मुद्दाम बिघडवून ठेवलंय असंच वाटणार. पण त्याच फिडलवर नुसता मोकळ्या तारांवरून गज फिरवला तरी चारही तारा सुरात बोलतात, कधी न वाजवलेल्या माणसाच्या हातातसुद्धा. कथेतले दोन्ही धागे इथे सापडतात. म्हणून मला वाटतं, आधी हे लावणं आलं आणि ते का, याचं उत्तर म्हणून कथा आली.

धून कुठून आली, याचं एका ओळीत उत्तर नाही. रील हा नाचाचा प्रकारच मुळात स्कॉटलंडचा. १७५९ साली क्यूबेक शहराच्या लढाईत ब्रिटिशांच्या बाजूने फ्रेझरची हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांची, पलटण होती. १७६३ ला ती मोडल्यावर तिच्यातले बरेच सैनिक तिथेच राहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने आले. फ्रेंच बोलणाऱ्या गावांनी त्यांच्या धुनी घेतल्या, 'रील' हा शब्दही घेतला, आणि त्याला आपले पाय जोडले. कथेचा एक भाऊबंदही स्कॉटलंडमध्ये आहे. जेम्स मॅकफर्सन नावाच्या दरोडेखोराला १७०० साली बॅन्फ गावात फाशी दिलं. सांगतात की मरण्यापूर्वी त्याने आपली धून वाजवली आणि फिडल मोडून टाकलं. तिकडे माणूस मरतो आणि फिडल मोडतं, इकडे फिडल माणसाला वाचवतं. हा बदल मला फार आवडतो. क्यूबेकच्या पाद्र्यांचा नाचगाण्याला कडक विरोध होता. नाचाच्या रात्री सैतान पाहुणा बनून येतो, असल्या गोष्टी तिथे घरोघरी सांगत. त्याच लोकांनी फिडल जीव वाचवतं अशीही गोष्ट जपून ठेवली.

ऐकायची असेल तर क्यूबेकचे फिडलवादक जाँ कारिन्याँ (१९१६–१९८८) यांचंच वाजवणं ऐका. हा माणूस माँट्रियलमध्ये टॅक्सी चालवायचा. लहानपणी जोझेफ आलार या मोठ्या वादकाकडून शिकला, शिवाय आयरिश मायकल कोलमन आणि स्कॉटिश जेम्स स्कॉट स्किनर यांच्या तबकड्या ऐकून ऐकून हात तयार केला. म्हणजे वर सांगितलेला सगळा इतिहास एका माणसाच्या बोटांत आला. १९७४ मध्ये त्यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा कॅनडाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन त्यांच्यासोबत वाजवले. हेडफोन लावून ऐका आणि गजाइतकंच लक्ष पायांकडे द्या.

आणखी एक. प्रत्येक जण या धुनीचे भाग वेगळे वाजवतो, कोणी कमी, कोणी जास्त, त्यामुळे 'मूळ' कोणतं हे शोधत बसू नका. स्वतः वाजवणार असाल तर बारीक तार हळूहळू उतरवा आणि परत चढवताना तर फारच हळू. माझी पहिल्याच आठवड्यात तुटली. आजोबा ती कटकट करतच नसत. त्यांच्याकडे एक जुनं फिडल होतं, फक्त या एका रीलसाठी लावलेलं, चुलीशेजारच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं.